दुसरी गोळी

मेहबूब, तुला मातीत ठेवून आज आठ दिवस झाले. त्या दिवशी यासीननं मला पुढं केलं. म्हणाला, "पंतकाका, आदी तुमी." तुझा थोरला, बावीस वर्षांचा, डोळे कोरडे ठेवून उभा होता. मी वाकलो, मूठभर माती उचलली, आणि माझ्या उजव्या हाताची पाची बोटं मला दिसली. पाची जागच्या जागी. तीन मुठी टाकायच्या असतात. दुसऱ्या मुठीची निम्मी माती माझ्याच पायावर सांडली.

मागं उभ्या असलेल्या लोकांत कोणी तरी हळूच म्हणालं, "जन्मभर सुरी चालवली, आन् आखरीला सुरीनंच खाल्लं बिचाऱ्याला." मी ऐकलं आणि गप्प राहिलो. पाच वर्षं हेच ऐकतो आहे आणि पाच वर्षं असाच गप्प आहे.

तुझा हात सुरीनं गेला नाही. हे जगात आपल्या दोघांनाच माहीत होतं. आता एकट्या मला माहीत आहे, आणि माझ्यासारख्या माणसाच्या पोटात ते किती सुरक्षित आहे हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक!

पण आता गप्प बसून भागणार नाही. येत्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाल्यावर, चावडीवर बैठक आहे. यासीननं गावची मुलाणकी परत मागितली आहे. बोकड जत्रेचं असो, मराठ्यांच्या घरचं असो की तुमच्या, त्याच्यावर नाव घेऊन सुरी फिरवायचा मान तुझ्या घराचा, तुझ्या आज्याच्याही आधीपासूनचा. तुझा हात गेला आणि वर्षाच्या आत गावानं तो मान तुझ्या चुलतभावाला दिला. आता पोरगं मागतंय तर पंच म्हणतात, ज्याच्या बापाला सोताची सुरी आवरली न्हाई, त्याच्या पोराच्या हाती सुरी कशी द्यावी? या प्रश्नाचं उत्तर एका वाक्याचं आहे. ते माझ्याकडे आहे. ते तिथं बोलायच्या आधी तुझ्यापुढं बोलायला हवं, म्हणून हा कागद.

आपण दोघं एकाच मौलवींच्या हातचा मार खाल्लेले. मी अलिफ-बे गिरवायला बसलो ते पुढच्या नोकरीसाठी, तू बसलास ते कुराणासाठी. मार मात्र बराबर वाटणीचा. पुढं मी कळमनुरीला तहसीलदारसाहेबांच्या हाताखाली पेशकार झालो, त्यांचे कागद पुढं ठेवणारा कारकून. आमच्या घरात चार महिने कांदासुद्धा शिवत नाहीत, आणि मी मात्र दौऱ्याचं नाव सांगून साखऱ्याच्या माळावर काळविटं मारत हिंडायचो. मला खायचं कधीच नव्हतं. मला नेम लागलेला पाहायचा असे. तू विचारायचास, "खानारा भुकेपायी मारतो पंत, तू काहून मारतो रे?" मी बंदुकीची नळी पुसत बसायचो. हा वाद तू एकट्यानंच घातलास.

साहेबांचा नेम कच्चा होता आणि त्यांना ते मान्य होतं, एवढा मोठेपणा त्यांच्यात होता. म्हणून बंदूक त्यांची, नेम माझा आणि सुरी तुझी. जुनी बंदूक जाड शिशाच्या गोळीची. शंभर पावलांपलीकडं गेलं की जनावराच्या पाठीवर वीतभर वर नेम धरायचा, आणि गोळी म्हातारीसारखी वाकत वाकत जायची. जनावर पडायचं, पाय झाडायचं, तोवर तू सुरी उपसून पोचलेला असायचास. नाव घेऊन सुरी फिरण्याआधी जीव गेला तर ते मांस तुमच्यात कोणी खायचं नाही. पण जुन्या बंदुकीनं तशी वेळ तुझ्यावर क्वचितच आणली.

मग लढाई सुरू झाल्यावर साहेबांनी ती मॅग्नम रायफल घेतली, विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या इंजिनिअरकडून. काडतूस बोटाहून लांब, बाटलीसारखा गळा, बुडाशी पितळेची जाड कडी. आणि गोळी पेन्सिलीएवढी बारीक. तू ते काडतूस तळहातावर तोललंस नि म्हणालास, "येवढ्याशा गोळीला येवढी दारू? मुंगळ्याला घोड्यावर बसवलं की रे यांनी!"

आपण माळावर तीन मडकी ठेवली होती, शंभर, दोनशे आणि तीनशे पावलांवर. तिन्हींवर मी एकसारखाच नेम धरला, ना वर, ना खाली. पहिलं फुटलं, दुसरं फुटलं. तिसरं फुटलं नाही, नाहीसंच झालं. तू तिकडं जाऊन बराच वेळ खापऱ्या शोधत होतास. साहेब टाळ्या वाजवत होते. मला काय झालं ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. नळीच्या टोकावरची माशी जिथं टेकवावी तिथं गोळी जाते, मधलं अंतर जणू नाहीच, असं वाटलं. डोक्यात काही तरी चढलं. दारूबद्दल लोक असं बोलतात.

पहिल्या तीन काळविटांच्या वेळी तू तीनशे-तीनशे पावलं धावलास. तिन्ही वेळा गुडघ्यावर बसलास, जनावराच्या डोळ्याला बोट लावलंस आणि सुरी तशीच म्यानात घातलीस. "न्हाई साहेब. गेलंय." साहेबांचे पाहुणे उपाशी राहिले नाहीत, कोंबडी झाली, पण साहेबांचं तोंड उतरलं. आणि तू मला बाजूला घेऊन म्हणालास, "तुझी ही विलायती बाई लई घाईची हाय. पाव्हन्याला पानी पिऊ देत न्हाई. जुनी म्हातारी व्हती, पर तिला मानुसकी व्हती."

तिसऱ्या वेळी साहेबांचा एक पाहुणा तुला म्हणाला, "अरे फेर दे सुरी, कौन देखता है?" तू त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाहीस. मला म्हणालास, "पंत, पाव्हन्याला सांग, मी देखतो." घरी दौऱ्याचं खोटं नाव सांगून आलेला मी, ते वाक्य ऐकून मान वळवून दुसरीकडं पाहू लागलो.

मग आपण तोड काढली. काळवीट बैलगाडीला बुजत नाही, हे माळावरचं लेकरू जाणतं. तेव्हा मी गाडीच्या आडोशानं चाकाबरोबर चालायचं आणि लांबूनच गोळी घालायची. तू मात्र सकाळपासून कळपाच्या चरायच्या जागेजवळ, ओघळीत, वाऱ्याच्या खालच्या अंगाला दडून बसायचं, जनावरापासून चाळीस-पन्नास पावलांवर. म्हणजे गोळी लागली की तू लगेच पोचशील. कायदा तू घातलास, माझा हात हातात घेऊन. "पयली गोळी तुझी. त्याच्या मागं माळ माझा. दुसरी गोळी न्हाई. जनावर पळून गेलं तरी न्हाई." मी म्हणालो, नाही. पहिली गोळी उडाली की मी रायफल उघडायची आणि नळी आभाळाकडं करायची, असं ठरलं.

या तोडीत धोका कुठं होता ते दोघांनाही नीट कळलं नव्हतं. जुन्या बंदुकीची गोळी दमून जमिनीत शिरायची. ही खाली येतच नव्हती. माणसाच्या छातीच्या उंचीनं सगळा माळ ओलांडून जायची. तू एकदा ओघळीतून परत आल्यावर कानात बोट घालून सांगितलंस, "आदी डोक्यावर चाबूक वाजतो, मंग जनावर पडतं, आन् मागून तुझ्या बंदुकीचा ढग गडगडतो. आवाज यायच्या आदीच समदं आटपलेलं असतंय." मी हसलो. तू हसला नव्हतास.

आणखी एक गोष्ट मी माझ्या मनानं करू लागलो. सुरीला वेळ मिळावा म्हणून मी नेम मागं धरू लागलो. काळजावर नव्हे, मागच्या अंगावर. जनावर पडायचं पण जगायचं. दुसऱ्याच काळविटाच्या वेळी तुझ्या ते लक्षात आलं. आपल्या आयुष्यातलं खरं भांडण तेच.

"मुद्दाम मागं मारतो का रे?"

"तुझ्यासाठीच मारतो."

"माझं नाव मदी आनू नको. सुरी तकलीफ कमी करायला असती. तकलीफ दिऊन माझ्या सुरीसाठी थांबवायचं आसंल, तर मी येत न्हाई."

"मग साहेबांना सांग तू."

"तू पेशकार हायेस. तू सांग."

मी सांगितलं नाही. तू आठवडाभर बोलला नाहीस आणि मग पुन्हा आलास, कारण मी बोलावलं होतं. ते भांडण मिटलं नाही, राहून गेलं. तूच बरोबर होतास.

तो दिवस थंडीतला. दुपार कलली होती. साहेबांचे व्याही हैदराबादहून आले होते, सगळे लांब बाभळीखाली सतरंजी टाकून बसले होते. लढाईमुळं काडतुसं मिळेनाशी झाली होती. रायफलीत दोन होती, तीही शेवटची. हरभऱ्याच्या बांधाला कळप होता. नर काळा कुळकुळीत, शिंगं पिळदार. मी चाकाआडून चालत होतो, गाडीवान बैलांकडं तोंड करून वेसण धरून होता. अडीचशेच्या वर पावलं असतील. मी मागं नेम धरला.

काळवीट बसलं. तू ओघळीतून उठलास. ठरल्याप्रमाणे.

आणि काळवीट पुढच्या पायांवर उठलं. मागचं अंग ओढत, मान वर करून, पळू पाहू लागलं. बाभळीखालून हसू ऐकू आलं. कोणी तरी मोठ्यानं म्हणालं, "गिर के उठ गया, वाह रे पेशकार!"

त्या हसण्यानं मी रायफल पुन्हा भरली.

गावात सगळे जे समजतात ते तू समजावून दिलेलं आहे. मी धावत पोचलो तेव्हा तू बसला होतास. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं नव्हती. सुरी कमरेला म्यानात होती, मेहबूब. मी पाहिली. तू ती डाव्या हातानं उपसलीस, काळविटाचा जीव होता अजून, त्याची मान मांडीला टेकवलीस, नाव घेतलंस आणि सुरी फिरवलीस. मग मला म्हणालास, दात आवळून, "सुरीनं कापलं म्हन. मी घाई केली आन् कापलं. समद्यांना हेच सांग. बंदुकीचं नाव निघालं तर तुला जेल व्हईल."

"मेहबूब—"

"गप. साहेब यून राहिले. फेटा दे तुझा."

माझ्या फेट्यात तुझा हात गुंडाळला. साहेब आले, त्यांना तूच सांगितलंस. त्यांनी दोन आवाज ऐकले होते, पण दुसरी गोळी काळविटाला लागली एवढंच त्यांना दिसलं होतं. हकिमानं जखम पाहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि काही विचारलं नाही. मग तुझी रवानगी घरी झाली, साहेबांची बदली झाली, रायफल त्यांच्याबरोबर गेली. आणि तू आखाडा बाळापूरच्या बाजारात शेंगदाण्याची पाटी घेऊन बसू लागलास. डाव्या हातानं तागडी धरायचास. पोरं "थोटा मुलानी" म्हणून ओरडायची, तू त्यांना मूठभर शेंगदाणे द्यायचास. मला पाहिलंस की म्हणायचास, "या पेशकारसाहेब, ताजं माप हाय." मी दर बाजारी यायचो. दर वेळी वाटायचं, आज बोलू.

आता जे बोलायचं राहिलंय ते.

तुला मी सांगितलं होतं की तू उठलेला मला दिसला नाहीस. उन्हाची तिरीप डोळ्यावर होती. तू म्हणालास, "व्हय, माझंच चुकलं, मी आदी उठलो." दोघंही खोटं बोललो. तू माझ्यासाठी, आणि मीही माझ्यासाठीच.

तू मला दिसला होतास. तुझी टोपी दिसली, तुझा सदरा दिसला. तू धावता धावता थांबलास, माझ्याकडं वळलास आणि उजवा हात वर केलास, पंजा माझ्याकडं. गाडीवानाला थांबवताना करतात तसा. थांब. मी ते पाहिलं, मला ते कळलं, आणि मी मनात म्हणालो, याच्या हातात आणि काळविटाच्या मानेत दोन हातांचं अंतर आहे. दोन हात म्हणजे किती तरी झाले. ही रायफल टेकवली तिथंच जाते. जुनी बंदूक असती तर माझी छाती झाली नसती. या एकाच रायफलीनं मला असा विश्वास दिला होता की माझ्या चुकीला आता जगात जागाच उरली नाही. तुला काळविटाच्या शिंगापासून वाचवायला मी गोळी घातली, असं मी पुढं किती तरी रात्री स्वतःला सांगून पाहिलं. ते खोटं आहे. लोक हसले म्हणून घातली.

गोळी माझ्या नेमापासून सूतभरही हलली नाही. ती मानेच्या मुळाशी लागली, हाडावर फुटली, इतका वेग असला की फुटतेच, आणि तिचा एक तुकडा बाजूला निघाला. तो तुझ्या हाताला मिळाला. रायफलीचा काही दोष नाही.

गेल्या वर्षी बाजारात गर्दी ओसरल्यावर तू एकदम विचारलंस, "पंत, त्या दिशी ऊन कुठल्या बाजूला व्हतं रे?"

ऊन माझ्या पाठीशी होतं. मी म्हणालो, "आठवत नाही आता."

तू शेंगदाण्यातले खडे निवडत होतास. डाव्या हातानं एकेक उचलून बाजूला टाकत होतास. मग म्हणालास, "जाऊ दे. मलाबी न्हाई आठवत." नंतर चहा मागवलास.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितो आहे. आज शुक्रवार. चावडीवरून आलो.

पाटील होते, चार पंच होते, तुझा चुलतभाऊ मान खाली घालून बसला होता. यासीन उभा होता. मी म्हणालो, मला बोलायचं आहे. पाटलांनी पानाची तबकडी पुढं केली. मी घेतली नाही. उभ्यानंच बोललो. वाक्य एकच असेल असं मला वाटलं होतं, ते झालं नाही. किती तरी वेळ बोलत होतो. सुरी म्यानात होती हे सांगितलं. तुझा हात वर होता हे सांगितलं. ऊन कुठं होतं तेही सांगितलं.

मग पाटील म्हणाले, "पंत, हे आता काहून सांगून राहिले? पाच वर्साखाली काय झालं व्हतं तुमच्या तोंडाला?"

मी म्हणालो, "नोकरी होती तोंडात."

एक म्हातारे पंच म्हणाले, "म्हंजे डाव्या हातानं बी त्यानं हलाल केलं, त्या हालात? आन् आमी त्याची मुलानकी काढली." ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. तुझा चुलतभाऊ स्वतःहून उठला, कमरेची सुरी म्यानासकट काढली आणि यासीनच्या पुढ्यात ठेवली. पाटील मला म्हणाले, वर कळवायचं की नाही ते आम्ही बघू. मी म्हणालो, कळवा.

यासीननं माझ्याकडं एकदाच पाहिलं. काका म्हणाला नाही.

मग मी तुझ्या घरी गेलो. हनीफाभाभी दाराच्या आत, पडद्याला टेकून उभ्या होत्या. चावडीवरचं त्यांच्यापर्यंत माझ्या आधी पोचलं होतं. मी ओट्यावर बसलो नाही.

त्यांनी विचारलं, "तुमी बघितलं व्हतं, हे त्यांना ठावं व्हतं?"

नाही म्हणता आलं असतं. तेवढ्यानं त्यांचं मन थोडं निवलं असतं, माझंही. म्हणालो, "होतं. पहिल्यापासून होतं, असं आता वाटतं."

"आन् तरी तुमाला चहा पाजत व्हते."

"हो."

आत कोणाचं तरी लेकरू रडत होतं, त्याला त्यांनी गप केलं. मग म्हणाल्या, "त्यांनी माफ केलं आसंल. त्यांचा सभावच तसा. पन मी केलेलं न्हाई, पंत. माझ्या घरचा हात गेला, मान गेला, मी पाच वरसं त्यांना म्हनत राहिले, तुमालाच नीट सुरी धरता आली न्हाई. ह्या तोंडानं म्हनत राहिले. ते हासायचे. ते मी कुठं नेऊन ठिवू?"

मी वळलो. चार पावलं गेलो असेन, तर मागून आवाज आला, तोच, कोरडा.

"चाळिसाव्या दिसाला या. त्यांचे लोक येतील समदे. तुमी त्यांचेच हाव."

मी येणार आहे, मेहबूब. त्या माझ्याशी बोलणार नाहीत, आणि मी ओट्यावर सगळ्यांत खाली, चपलांपाशी बसणार आहे.